बायजाबाईने सोडलेलं झाड

खैरटोलीत ख्रिस्ती घरं नऊ. या नऊ घरांना उपवासकाळाची धास्ती वाटायची ती देवामुळे कमी आणि बायजाबाईमुळे जास्त. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की लोक तिच्या दारावरून जरा लगबगीने जात. कारण ओट्यावर बसलेली बायजाबाई हमखास हाक मारायची, "काय गा, यंदा काय सोडून राहिला?" समोरच्याने "चहा" म्हटलं, की ती काही न बोलता नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यात असं काही असायचं, की घरी पोचेपर्यंत तो माणूस चहाबरोबर सुपारीही सोडून बसायचा.

ती स्वतः काय सोडायची, हे सगळ्या टोलीला पाठ होतं. एका वर्षी चाळीस दिवस मीठ. एका वर्षी चप्पल, आणि तेही एप्रिलच्या उन्हात, एकोडीच्या बाजारापर्यंत डांबरी रस्त्यावरून. एका वर्षी गादी सोडली आणि कंबर धरून बसली, तरी ईस्टरच्या सकाळपर्यंत जमिनीवरून उठली नाही. सासरे मिशनच्या दवाखान्यात चौकीदार होते, त्यांनी घरात प्रार्थना आणली. पण ती नेटाने चालवली सुनेने. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या शिंदीच्या झावळ्या वर्षभर लोकांच्या क्रुसामागे खोचलेल्या असत. त्या घरोघर फिरून गोळा करायच्या, जाळायच्या, राख कपड्यातून गाळायची आणि राखेच्या बुधवारसाठी फादरच्या हाती द्यायची, हे काम तीस वर्षं तिच्याकडे होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिला ती राख गाळलेली वाटलीच नसती.

बाई वाईट नव्हती. कुणाच्या घरी बाळंतीण असो की मयत, पहिली तीच पोचायची. फक्त तिला एक खोड होती. आपण काय सोडलं हे लोकांनी पाहावं, असं तिला वाटायचं. हे तिने स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं.

आता झाडाचं सांगायला हवं. बायजाबाईचा नवरा गोमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ यादोराव यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा भाताच्या बांध्या वाटल्या गेल्या, बैल वाटले गेले, भांडीसुद्धा वाटली गेली. राहिलं ते धुऱ्यावरचं मोहाचं झाड. दोन शेतांच्या मधोमध, जंगलाच्या तोंडाशी, पाण्याच्या लहानशा बोडीच्या काठावर. त्याच्याएवढा मोह आसपासच्या कुठल्याच झाडाला गळत नसे. गोमाजी वारला तेव्हा टोलीतल्या म्हाताऱ्यांनी विधवा बाई म्हणून झाड बायजाबाईला दिलं. यादोराव गप्प बसला, पण त्याची बायको ललिताबाई बसली नाही. भर बैठकीत ती जे बोलली, त्यानंतर दोघी जावा अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. प्रार्थनाघरात एकाच चटईच्या दोन टोकांना बसायच्या. शांतीच्या नमस्काराच्या वेळी ललिताबाई उजवीकडे वळायची आणि बायजाबाई डावीकडे. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की मधल्या बायका आपोआप मागे सरकून बसत.

यंदा राखेचा बुधवार मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. मोह गळायला आठ-दहा दिवस होते. रविवारी बायजाबाईने झाडाखालचा पाला पेटवून दिला. मोह वेचणारे हे करतातच, कारण जमीन मोकळी असली की फूल पाल्यात हरवत नाही. मंगळवारी सकाळी ती एकटी खराटा घेऊन गेली, थंड झालेली राख लोटायला. सून कामिनी यायला निघाली होती, पण तिला सहावा महिना लागला होता, म्हणून बायजाबाईने तिला घरीच ठेवलं.

खराटा टेकवायच्या आधीच तिला राखेत ठसे दिसले.

एकामागे एक, सरळ ओळीत. घाई नव्हती त्या चालण्यात. एक ठसा तिच्या पसरलेल्या हाताएवढा होता. ती ठशांच्या बाजूबाजूने बोडीपर्यंत गेली. तिथे ओल्या चिखलात पंजा खोल रुतला होता, पुढच्या दोन पायांवर भार देऊन पाणी प्याल्यासारखा. चिखलातल्या खळग्यात अजून पाणी झिरपत होतं. म्हणजे जनावर जाऊन फार वेळ झाला नव्हता. टोलीत त्याला कुणी नावाने बोलत नाही, जनावरच म्हणतात. बायजाबाईने पळसाच्या रांगेकडे पाहिलं. तिथे काहीच हललं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

तिने पहिलं काम काय केलं, तर राख लोटली. ठशांसकट. हात आपोआप चालत होते. सांगायचं कुणाला? दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या टोलीतल्या एकाने असंच सांगितलं होतं. लगेच जंगलाच्या कडेला जायला मनाई झाली, सगळा मोह जमिनीवर कुजला, आणि ज्याने सांगितलं त्याच्याशी लोक पोळ्यापर्यंत बोलले नाहीत. आणि न सांगावं तर मोह वेचायला पहाटे चारला या झाडाखाली कोण वाकणार? ती आणि कामिनी. वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. कामिनीचं पुढे आलेलं पोट तिच्या डोळ्यांपुढे आलं.

चिखलातला पंजा तिने तसाच ठेवला. त्यावर पाय ठेवायची तिची छाती झाली नाही.

दुपारी तिने झावळ्या जाळल्या. राख गाळताना बोटांना तोच काळा रंग लागला. तिने हात दोनदा धुतले.

बुधवारी फादर बिनॉय मोटरसायकलवरून आले. केरळचे, वयाने मुलासारखे, आणि मराठी बोलायचे तर थेट पाठ्यपुस्तकातलं. त्यांनी एकेकाच्या कपाळाला राख लावली, आपण मातीचे आहोत याची आठवण करून दिली आणि मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, "या काळात प्रत्येक कुटुंब कोणता त्याग करणार आहे?" भैय्याजी म्हणाला, सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडतो. सगळे हसले, कारण भैय्याजी गेली सहा वर्षं खर्राच सोडत होता. मग माना बायजाबाईकडे वळल्या. यंदा तिने काही ठरवलंच नव्हतं. मंगळवारपासून डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं. आणि तोंडातून निघालं,

"मोहाचं झाड सोडलं मी. धुऱ्यावरचं. ललिताले देल्लं."

प्रार्थनाघरात पंखा तेवढा वाजत राहिला. फादरांना झाडाची कथा माहीत नव्हती, पण लोकांचे चेहरे पाहून त्यांना कळलं की काहीतरी मोठं घडलं. चटईच्या त्या टोकाला ललिताबाईने पदर तोंडाला लावला. प्रार्थना संपल्यावर ती आली आणि सगळ्यांसमोर बायजाबाईच्या गळ्यात पडली.

"अकरा वर्षं झाली जी बाई," ती रडत म्हणाली. "मी लय वाईट बोलली होती तवा."

"जाऊ दे वं," बायजाबाई म्हणाली.

त्या क्षणी तिला लाज वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. दोन्ही कपाळांची राख एकमेकींच्या पदराला लागली, बायका डोळे पुसू लागल्या, फादरांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं कौतुक तिच्या मिठाच्या वर्षीही झालं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तिला आठवलं की ललिताबाई आता पहाटे चारला कुठे जाणार आहे. तिने कूस बदलली. जनावर एका जागी थोडंच राहतं, असं ती स्वतःला म्हणाली. चालतं जनावर, गेलं असेल कोसभर पुढे. मग तिने प्रार्थना म्हटली, आणि प्रार्थनेच्या मध्येच पुन्हा म्हणाली, गेलं असेल.

मोह गळायला लागला. यंदा बहर असा, की सकाळच्या वाऱ्यावर सगळ्या टोलीत तो गोडसर, जरा आंबूस वास भरून राहायचा. ललिताबाई पहाटे बॅटरी आणि टोपली घेऊन एकटीच जायची, कारण यादोरावाचे गुडघे कामातून गेले होते. जाता जाता बायजाबाईच्या अंगणातून हाक द्यायची, "चालली जी बाई!" उजाडल्यावर परतताना पुन्हा, "आली जी!" या दोन हाकांमध्ये दोन-अडीच तास जायचे. ते दोन-अडीच तास बायजाबाई चुलीपुढे बसून राहायची. चूल पेटलेली असायची आणि वर काहीच ठेवलेलं नसायचं.

पहिल्या मोहाच्या गोड पुऱ्या ललिताबाईने ताटलीत झाकून पाठवल्या. बायजाबाईचा उपास होता. पुऱ्या कामिनीने खाल्ल्या. खाता खाता ती म्हणाली, "आई, झाड काहून देल्लं पण तुमी? आपण दोघी गेलो असतो ना."

"खाऊन घे," बायजाबाई म्हणाली.

यंदा तिचा उपास लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. एक वेळ भात आणि लाखोळीचं वरण, तेही अर्धं टाकून उठायची. गाल बसले. बायका म्हणू लागल्या, बायजाबाई यंदा फार कडक करून राहिली. कुणी हे म्हटलं की ती मान खाली घालायची, आणि लोकांना ती नम्रता वाटायची.

तिसऱ्या शुक्रवारी फादर क्रुसाच्या वाटेची प्रार्थना घ्यायला आले. त्याआधी त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोकांच्या पापांची कबुली ऐकली. बायजाबाई गुडघ्यांवर बसली. तिने सुनेवर ओरडल्याचं सांगितलं. प्रार्थनेत डुलकी लागल्याचं सांगितलं. शेजारणीच्या कोंबडीला दगड मारल्याचंही सांगितलं.

"आणखी काही आपल्या मनावर आहे का?" फादरांनी विचारलं.

दाराबाहेर ललिताबाई आपली पाळी यायची वाट पाहत उभी होती. तिच्या पदराला मोहाचा वास येत होता.

"नाही जी फादर," बायजाबाई म्हणाली. आजवर ती कधी कबुलीत खोटं बोलली नव्हती. बाहेर येताना तिला वाटलं की आता काहीतरी होणार आहे, आणि ते आपल्याला होणार नाही. ही भीती ती पुढे कधीच मनातून काढू शकली नाही.

चौथ्या आठवड्यात भैय्याजीची कालवड गेली. नाल्याच्या पलीकडे अर्धीमुर्धी सापडली. वनखात्याची माणसं आली, एकट्यादुकट्याने जाऊ नका म्हणाली आणि गेली. लोकांनी हिशेब लावला की जनावर नाल्यापलीकडच्या अंगाला आहे, म्हणजे बोडीकडची बाजू बरी. उलट बोडीकडे जाणारे लोक अधिक निर्धास्त झाले. नाला त्याच्यासाठी चार ढांगांचा, हे कुणाच्या मनात आलं नाही. बायजाबाईच्या आलं.

त्या संध्याकाळी ती यादोरावाच्या घरी गेली. ललिताबाई अंगणात वाळत घातलेला मोह उलटत होती. भावजयीला पाहून यादोरावाने खाट पुढे केली. बायजाबाई बसली नाही.

"ललिता, उद्यापासून त्या झाडाखाली जाऊ नको वं."

"काहून जी?"

"पंजा पाह्यला मी. बोडीच्या काठी."

ललिताबाईचा हात थांबला. "कवा?"

या एका शब्दाशी बायजाबाई अडली. खरं सांगावं तर बुधवार मोडत होता. ती गळामिठी, फादरांचा हात, अकरा वर्षांनी अंगणात आलेली ती हाक, सगळं मोडत होतं.

"काल," ती म्हणाली.

ललिताबाई हुशार बाई. ऊन आहे तोवर जाऊन पाहू म्हणाली. दोघी बोडीवर गेल्या. पंजा होता. मंगळवारी होता तिथेच. पण पाणी आता वीस पावलं आत सरकलं होतं, काठचा चिखल वाळून भेगाळला होता आणि एक भेग पंजाच्या मधूनच गेली होती. ललिताबाई खाली बसली. तिने बोटाने ठशाची कड ठोकून पाहिली. वाळक्या भाकरीचा व्हावा तसा आवाज झाला.

"बाई, इथं चिखल कवा होता?" ती हळूच म्हणाली. "मोह पडाच्या आधी. हा पंजा कालचा कसा होईल?"

बायजाबाईने पळसाच्या रांगेकडे पाहिलं.

ललिताबाई उठली. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग तो गेला आणि अकरा वर्षांपूर्वीचा चेहरा परत आला. "झाड वापस पाहिजे असंल तं तसं म्हणा ना जी. बहर पाहून मन फिरलं असंल. पण वाघ काहून मधात आणता?"

वाघ, असं ती स्पष्ट म्हणाली. उघड्यावर, संध्याकाळच्या वेळी, झाडापासून पंधरा पावलांवर. बायजाबाईच्या अंगावर काटा आला. तिला अजूनही सांगता आलं असतं. हा पंजा मी ओला पाहिलाय, एवढंच. पण मग मंगळवारही सांगावा लागला असता. ललिताबाई तिच्याकडे पाठ करून निघूनही गेली.

दुसऱ्या पहाटेपासून अंगणातली हाक बंद झाली.

मग बायजाबाईने दुसरा उपाय काढला. घरातली पितळी ताटली आणि पळी घेऊन ती पहाटे झाडापासून थोड्या अंतरावर जाऊन बसू लागली. ललिताबाई वाकून वेचत असे आणि ही थोड्या थोड्या वेळाने ताटली वाजवत असे. टन्, टन्. टोलीत लोक हसले. बायजाबाईने यंदा झाडाखाली प्रार्थना काढली म्हणाले. ललिताबाई हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने टोपली आपटली.

"नजर ठेवून राहिल्या का जी? देल्लं तं देल्लं, नाहीतर मंग देऊच नये!"

"तुले माह्यावर विश्वास नसला तरी चालते," बायजाबाई म्हणाली. "मी बसते."

"बसा," ललिताबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून एक तास लवकर जायला लागली. बायजाबाई पोचेपर्यंत तिचं अर्धं वेचून झालेलं असायचं. बायजाबाई आणखी लवकर उठली, तर ललिताबाई त्याच्याही आधी. अशी दोघींची चढाओढ लागली, आणि ती कशासाठी लागली हे दोघींपैकी एकीलाच माहीत होतं.

पाचव्या रविवारी बायजाबाईने रिवाजाप्रमाणे प्रार्थनाघरातला क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या. दर वर्षी हे करताना तिला एक शांतता वाटायची. यंदा मरियमेच्या चेहऱ्यावर कापड ओढताना तिला वाटलं, हिला आता काही बघायचं नाहीये.

शुक्रवारी तिला उठायला उशीर झाला. आठवडाभराची अपुरी झोप त्या दिवशी अंगावर कोसळली. जाग आली तेव्हा पूर्वेकडे फटफटलं होतं. ती ताटली घेऊन धावतच निघाली. बोडीच्या अलीकडे असतानाच माकडांचा आवाज ऐकू आला. झाडावरची माकडं खाकरल्यासारखी ओरडत होती, सगळी एकाच दिशेला तोंड करून. मग तीही गप्प झाली.

झाडाखाली टोपली होती. पाऊण भरलेली. त्यात वरून आणखी फुलं पडत होती, टप्, टप्. बॅटरी चालूच पडली होती. ललिताबाई नव्हती. जमिनीवरच्या फुलांतून एक रुंद पट्टा पुसत गेला होता, धुऱ्याच्या खालच्या अंगाला.

बायजाबाई पळाली नाही, हे तिच्या बाजूने लिहायलाच हवं. ती ताटली बडवत त्या पट्ट्यावरून गेली. घशातून काय आवाज निघत होता ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "सोड! सोड तिले! सोड!" धुऱ्याखाली पळसाच्या बुंध्याशी तिला पिवळीधमक पाठ दिसली. ती पाठ जरा वेळ हलली नाही. ताटली हातातून निसटली, तर तिने पळी फेकून मारली. मग जनावर उठलं, तिच्याकडे मान वळवून पाहिलं, जसं काही तिला ओळखतच होतं, आणि पळसांत शिरलं. त्यालाही घाई नव्हती.

ललिताबाई जिवंत होती. बायजाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर फाडून मानेला दाबून धरला आणि लोक येईपर्यंत तशीच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. फादर बिनॉय शिंदीची झावळी हातात धरून उभे राहिले. "या भगिनीने प्रथम आपले झाड दिले," ते म्हणाले, "आणि मग आपला जीव द्यायला निघाली. याहून मोठी तयारी कोणती?" लोकांनी बायजाबाईचे हात हातात घेतले. साकोलीहून एक पोरगा मोबाईल घेऊन आला होता, त्याने तिचा फोटो काढला, ताटलीसकट. मुलगा मंगेश कामावरून सुट्टी काढून आला आणि आईकडे असा पाहत राहिला, जसा तो लहानपणीसुद्धा कधी पाहत नव्हता. बायजाबाई बाहेर येऊन भिंतीला धरून ओकली. पोटात काही नव्हतंच. बायका म्हणाल्या, उपास बाधला.

गुड फ्रायडेला ती प्रार्थनाघरात गेली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळची एसटी धरून ती भंडाऱ्याला दवाखान्यात गेली.

ललिताबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. मान पट्ट्यांत, डावा हात कोपराशी संपलेला. यादोराव कुठे खाली गेला होता. बायजाबाईला पाहून ललिताबाईचे डोळे भरून आले. तिने उजवा हात पुढे केला. बायजाबाईने तो धरला आणि स्टुलावर बसली.

"बाई," ललिताबाईचा आवाज शिट्टीसारखा बारीक झाला होता. "तुमी खरं सांगून राहिल्या होत्या. मीच उलटं घेतलं. लय बोलली तुमाले. माफ करा जी मले."

बायजाबाईने वर पाहिलं. पंखा फिरत होता. इथे नुसतं "जाऊ दे वं" म्हणायचं होतं. एकदा म्हणून झालंच होतं. ते म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, फोटो, फादरांचं प्रवचन, मंगेशचे डोळे, आणि हातातला हा हात.

"तो पंजा कालचा नव्हता, ललिता," ती म्हणाली.

"माहीत हाय. जुनाच होता. पण जनावर तं होतं ना."

"जुना नव्हता. मी पाह्यला तवा ओला होता. पाणी झिरपत होतं त्यात. राखेच्या आदल्या दिवशी पाह्यला मी. मंगळवारी."

ललिताबाई तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात मंगळवारनंतर बुधवार येताना बायजाबाईला दिसला. हळूहळू, एकेक पाऊल.

"मंग झाड?"

"सोडलं नाही मी ते. भेली मी. कामिनी पोटुशी हाय, तिले तिथं न्यायाचं नव्हतं मले. फादरनं विचारलं अन् तोंडातून निंघून गेलं."

बाजूच्या खाटेवरची, नाकात नळी असलेली म्हातारी खोकली.

"कामिनीले न्यायाचं नव्हतं," ललिताबाई म्हणाली. "अन् मले?"

याचं उत्तर बायजाबाईने चाळीस दिवस शोधलं होतं आणि प्रत्येक दिवशी तेच सापडलं होतं. आणि ते असं होतं की ते कुणाच्या तोंडावर सांगता येत नाही. झाड देताना तिने ललिताबाईचा विचारच केला नव्हता. तिचा घात करायचा म्हणूनही नाही. ती नुसती डोळ्यांपुढे आली नव्हती.

ललिताबाईने हात काढून घेतला. एकच हात होता, तो तिने स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अकरा वर्षांनी कोणी मले काही देल्लं, असं वाटलं होतं," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "मी त्या झाडाखाली रोज पहिली प्रार्थना तुमच्यासाठी करत होती जी."

दारात यादोराव आला. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात औषधाची पिशवी. भावजयीला पाहून त्याने दोन्ही वस्तूंसकट हात जोडले. "वयनी," तो म्हणाला, "तुमी नसत्या तं माही ललिता आज..."

बायजाबाईने ललिताबाईकडे पाहिलं. ललिताबाईने डोळे मिटून घेतले होते. ती नवऱ्याला काहीच सांगणार नव्हती. ते तिने बायजाबाईवर सोडलं होतं. बाहेर ऊन चढत होतं, खैरटोलीत या वेळी लोक झाकलेल्या क्रुसापुढे जमत असतील आणि चटईवरच्या तिच्या रिकाम्या जागेकडे आदराने बघत असतील.

"यादोराव, ते शहाळं ठेवा खाली," बायजाबाई म्हणाली आणि उठून तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बसा इथं. मले तुमाले काही सांगायचं हाय."